भक्ती बर्वे : फुलराणी आणि बातम्या



एकपात्री अभिनयाची स्पर्धा जवळ आली की दरवर्षी तीन-चार मुली तरी ‘ती फुलराणी’मधलं स्वगत निवडतात. कमरेवर हात, डोळे मोठे, आवाज चढवलेला. पाठांतर चोख असतं. पण हे मूळ कुणी केलं असं विचारलं तर बहुतेकींना सांगता येत नाही. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या चौथीच्या एका मुलीने मला उलटाच प्रश्न केला. ती बाई खरोखर फुलं विकायची का? मोबाईलवर पाहून तिला ते इतकं खरं वाटलं होतं.

नाही, ती बाई फुलं विकत नव्हती. ती टीव्हीवर मराठी बातम्या वाचायची. हे सांगितल्यावर त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणून आज भक्ती बर्वे-इनामदार यांच्याविषयी.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. त्यांची सुरुवात बालनाट्यातून झाली, आणि प्राथमिक शिक्षकांनी ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला होता. परत आल्यावर त्यांनी मुंबईत ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि १९५९ मध्ये रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मुलांसाठीचं नाटक म्हणजे कसंतरी उरकायचं काम नाही, त्याला मोठ्यांच्या नाटकाइतकाच नेपथ्याचा, प्रकाशाचा, तालमीचा खर्च आणि कष्ट लागतात, हे त्यांनी दाखवून दिलं. या घरात भक्तीताई घडल्या. (आपल्याकडे स्नेहसंमेलनात वेळ कमी पडला की पहिली कात्री नाटुकलीला लागते आणि गाण्यांवरचे नाच तेवढे राहतात. मीही हे केलंय, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.)

पुढे आकाशवाणीवर निवेदन आणि मग दूरदर्शन. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. एकच वाहिनी, चित्र कृष्णधवल, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी सगळी आळी. अशा काळात बातम्या वाचणाऱ्या बाईचा उच्चार हा घराघरात प्रमाण मानला जायचा. ण आणि न, ळ आणि ल, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं जागच्या जागी. भक्ती बर्वे हे त्या काळातल्या ओळखीच्या आवाजांपैकी एक.

आणि १९७५ साली याच बाई रंगमंचावर आल्या त्या मंजुळा साळुंके होऊन.

‘ती फुलराणी’ हे पु. ल. देशपांडे यांचं रूपांतर. मूळ नाटक बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’. लंडनच्या रस्त्यावर फुलं विकणारी गरीब मुलगी आणि उच्चारशास्त्राचा एक हेकट प्राध्यापक. या मुलीची भाषा सुधारून तिला मोठ्या घरची बाई म्हणून मिरवून दाखवीन, अशी तो पैज मारतो. याच कथेवरचा ‘माय फेअर लेडी’ हा चित्रपट जगभर गाजला. पुलंनी ते मराठीत आणलं तेव्हा नुसती नावं बदलली नाहीत. इंग्रजीतला उच्चारांचा झगडा मराठीत कसा दिसेल, आपल्याकडे कुणाच्या बोलण्याला कोण हसतं, हे सगळं त्यांना नव्याने उभं करावं लागलं. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. नाटकाचं नाव बालकवींच्या ‘फुलराणी’ कवितेची आठवण करून देतं, ती कविता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत म्हटलेली असेल.

ही भूमिका अवघड का? नटीला एकाच संध्याकाळी निदान तीन भाषा बोलाव्या लागतात. आधी रस्त्यावरची, कुणाची भीडभाड न ठेवणारी. मग शिकताना अडखळणारी, जिथे उच्चार नवा पण डोकं अजून जुन्याच वाटेने चालतंय. शेवटी स्वच्छ, प्रमाण. खरं हसू मधल्या टप्प्यावर येतं. आणि इथेच कमी कुवतीची नटी फसते, कारण ती मंजुळेच्या भाषेची टिंगल करायला लागते. भक्तीताईंनी ती केली नाही. मंजुळा स्वतःला विनोदी समजतच नाही. तिला राग आलाय, अपमान झालाय, ती सूड घेण्याचे मनोरे रचतेय. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता गप्प होतो. ते स्वगत आजही मुली करतात ते यामुळेच, असं मला वाटतं. नुसते हातवारे असते तर एव्हाना विसरलं गेलं असतं.

इथे थोडं आमच्या मुठा खोऱ्यातलं सांगते. आमच्याकडची मुलं पानी, लोनी, व्हतं, न्हाई असं बोलतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रत्येक शब्दाला तिथल्या तिथे टोकायची, सगळ्या वर्गासमोर. डी.एड. नुकतंच झालेलं, उत्साह दांडगा. एक मुलगा दिवाळीनंतर उत्तरं द्यायचाच बंद झाला. पालकसभेत त्याची आई म्हणाली की घरी तर याचं तोंड बंद होत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नाटकातला प्राध्यापक मीच आहे. आता मी फळ्यावर दोन रकाने करते, घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. पेपरात कोणता लिहायचा ते मुलांना बरोबर कळतं.

भक्तीताईंकडे दोन्ही रकाने होते. बातम्यांची भाषा येत होती म्हणून फुलवालीची भाषा त्यांना हलकी वाटली नाही.

‘फुलराणी’ने त्यांना इतकं नाव दिलं की बाकीचं काम झाकलं गेलं. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये त्या आईच्या भूमिकेत होत्या. घरकामातून निवृत्त होत असल्याचं आई जाहीर करते, सगळ्यांची तारांबळ उडते. पालकांनी हे नाटक मिळेल तिथे बघावं. ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये त्या कस्तुरबा झाल्या. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

चित्रपट त्यांनी फार केले नाहीत, पण एकच पुरेसा आहे. कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’, १९८३. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन भोळे फोटोग्राफर, पंकज कपूर आणि ओम पुरी हे बिल्डर, सतीश शाह पालिकेचे अधिकारी आणि नंतर त्यांचं प्रेत. भक्तीताई ‘खबरदार’ या मासिकाच्या संपादिका शोभा. आजूबाजूला सगळे धावताहेत, पडताहेत, ओरडताहेत, आणि ही बाई शांत. एकही विनोद ती विनोद म्हणून बोलत नाही. भ्रष्टाचार उघडा पाडण्याच्या गोष्टी करते आणि आतून स्वतःच सौदा जुळवत असते. मंजुळा जितकी मोकळी, तितकी ही बंद. दोन्ही भूमिका एकाच बाईच्या आहेत हे मुलांना सांगून पाहा, सहज पटत नाही.

त्यांनी अभिनेते शफी इनामदार यांच्याशी लग्न केलं. ‘ये जो है जिंदगी’ ही दूरदर्शनवरची विनोदी मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना ते आठवतील. १३ मार्च १९९६ ला शफी गेले. त्यानंतरही त्या रंगमंचापासून दूर गेल्या नाहीत. १२ जून २००० ला पु. ल. गेले. अखेरच्या काळात भक्तीताई ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करत होत्या.

पुलंना जाऊन बरोबर आठ महिने झाले होते. १२ फेब्रुवारी २००१ ला वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर, भाताण बोगद्याजवळ त्यांच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. रस्ता तेव्हा नवाकोरा होता. पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष अशा वेगवेगळ्या अभिनेत्री वेगवेगळ्या काळात मंजुळा झाल्या.

आमच्या चौथीच्या मुलीने शेवटी तेच स्वगत केलं. तालमीत तिची मोठी अडचण झाली. शाळेत इतकी वर्षं घोटून घेतल्यामुळे ती फुलवालीचे संवादसुद्धा पुस्तकी मराठीत, ण स्पष्ट काढून म्हणायला लागली होती. माझ्याने ते सुधारेना. मग घरी तिच्या आजीने तिला समोर बसवलं आणि फुलवाली असं बोलत नसते म्हणून चार दिवस तिच्याकडून घोटून घेतलं. स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला.