अँडीज ओलांडणारा सेनानी : होसे दे सान मार्तिन

पर्वत ओलांडून शत्रूवर चालून जाणाऱ्या सेनानींचा विषय निघाला, की हॅनिबल आणि नेपोलियन ही दोन नावे चटकन ओठांवर येतात. दोघांनीही आल्प्स ओलांडला. परंतु आल्प्सहून कितीतरी उंच, रुक्ष आणि निर्मनुष्य अशा अँडीज पर्वताच्या खिंडींतून ज्याने एक अख्खे सैन्य पलीकडे उतरवले, त्या होसे दे सान मार्तिनचे नाव आपल्याकडे क्वचितच ऐकू येते. दक्षिण अमेरिकेत मात्र अर्जेंटिना, चिली आणि पेरू या तीन देशांच्या स्वातंत्र्याशी हे नाव कायमचे जोडले गेले आहे.

सान मार्तिनचा जन्म २५ फेब्रुवारी १७७८ रोजी आजच्या अर्जेंटिनातील यापेयू या गावी झाला. वडील स्पॅनिश सैन्यात अधिकारी होते. तो लहान असतानाच कुटुंब स्पेनला परतले आणि वयाच्या अकराव्या वर्षी हा मुलगा मुर्सिया पलटणीत दाखल झाला. पुढची वीसहून अधिक वर्षे त्याने स्पेनच्या राजासाठीच तलवार चालवली. १८०८ साली बायलेन येथे नेपोलियनच्या फौजेला शरण यावे लागले, त्या लढाईत तो होता. पण एव्हाना जन्मभूमीत स्वातंत्र्याचे वारे वाहू लागले होते. जमलेली नोकरी सोडून तो मार्च १८१२ मध्ये ब्युनोस आयर्सला येऊन थडकला. ज्या राजाचे मीठ खाल्ले, त्याच्याच सत्तेविरुद्ध आता त्याला उभे राहायचे होते.

स्पेनच्या सत्तेचा बालेकिल्ला होता पेरूमधील लिमा शहर. तेथे पोहोचण्यासाठी क्रांतिकारकांच्या फौजा आजच्या बोलिव्हियाच्या पठारावरून पुन्हा पुन्हा चढाई करीत आणि पुन्हा पुन्हा मार खाऊन परतत. त्या वाटेने लिमा कधीच हाती लागणार नाही, हे सान मार्तिनने ओळखले. त्याचा विचार वेगळा होता. अँडीजच्या पायथ्याशी एक लहान पण शिस्तबद्ध सैन्य उभारायचे, पर्वत ओलांडून चिली मुक्त करायचा आणि तेथून समुद्रमार्गे लिमा गाठायचे. १८१४ मध्ये त्याने कूयो प्रांताचे राज्यपालपद मागून घेतले आणि पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मेंदोसा शहरी मुक्काम ठोकला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रांकाग्वा येथे चिलीच्या देशभक्तांचा पराभव झाला. बर्नार्दो ओ'हिगिन्स आणि त्याचे उरलेसुरले सोबती डोंगर ओलांडून मेंदोसाच्या आश्रयाला आले. म्हणजे पर्वतापलीकडे आता मित्र उरला नव्हता, शत्रू वाट पाहत होता!

पुढची दोन वर्षे हाच या चरित्राचा खरा गाभा होय. त्या दोन वर्षांत सान मार्तिनने एकही मोठी लढाई लढली नाही. तो हिशेब करीत राहिला. आपली झोप उडाली आहे ती शत्रूमुळे नव्हे, तर हे अफाट डोंगर ओलांडण्याच्या विचाराने, असे त्याने आपला मित्र तोमास गीदो याला कळवले होते. वाटेत गाव नाही, धान्य नाही, कित्येक मजलांवर सरपण आणि चाराही नाही. चार हजार मीटरहून उंच खिंडी आणि तेथली विरळ हवा. तेव्हा जे लागेल ते सारे बरोबर न्यायचे होते.

लुईस बेल्त्रान नावाच्या एका संन्यासी पाद्र्याने भट्ट्या पेटवल्या. तेथे तोफा, गोळे, नाल तयार होऊ लागले. तोफा दोरखंडांनी ओढण्यासाठी घसरगाड्या आणि दऱ्या ओलांडण्यासाठी नेता येईल असा दोरांचा पूलही तयार झाला. आल्वारेस कोंदार्कोने बंदुकीच्या दारूचा कारखाना चालवला. खडकाळ वाटेवर जनावरांचे खूर टिकावेत म्हणून नालांचा मोठा साठा केला गेला. कातड्याच्या तुकड्यांना आतून लोकरीच्या चिंध्या लावून शिपायांसाठी पादत्राणे शिवली. वाळवलेले मांस कुटून त्यात चरबी आणि मिरची घातली, की थोड्या गरम पाण्यात व भाजलेल्या मक्याच्या पिठात कालवून पोटभर जेवण होई. वजनही कमी आणि नासण्याची भीतीही नाही. विरळ हवेत डोके गरगरू लागले, दम लागला, तर माणसांना आणि जनावरांनाही लसूण-कांदा द्यायचा, हा पहाडी माणसांचा उपायही त्याने मनावर घेतला. सान मार्तिन स्वतः पोटाच्या दुखण्याने जर्जर होता. वेदना असह्य झाल्या की अफूचा अर्क घेऊन तो कामाला लागे.

हे सारे आले कोठून? गरीब कूयो प्रांताच्या घामातून. कर वाढले, जनावरे घेतली गेली, बायकांनी दागिने दिले, गणवेश शिवले. आणि सर्वांत मोठी किंमत मोजली ती काळ्या गुलामांनी. सैन्यात येणाऱ्याला मुक्ती, या अटीवर शेकडो गुलाम पायदळात भरती झाले. त्यांतील कितीतरी परत आलेच नाहीत. मोहिमेचा गौरव करताना त्यांचा विसर पडणे हा अन्याय ठरेल.

वाटांची माहिती मिळवण्याची युक्ती तर विलक्षण! अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा चिलीच्या स्पॅनिश गव्हर्नरला देण्यासाठी त्याने कोंदार्कोला दूत म्हणून पाठवले, तेही लोस पातोसच्या लांबच्या वाटेने. गव्हर्नर मार्को देल पोन्त संतापून त्याला जवळच्या वाटेने हाकलून देणार, हे सान मार्तिनने ताडले होते. तसेच घडले. दूत उस्पायाताच्या वाटेने परतला आणि दोन्ही वाटांचे नकाशे त्याच्या डोक्यात होते! दुसरीकडे, सप्टेंबर १८१६ मध्ये त्याने दक्षिणेकडील पेहुएंचे आदिवासींची सभा घेऊन त्यांच्या मुलखातून जाण्याची परवानगी मागितली. ही बातमी शत्रूला पोहोचावी, हाच हेतू होता. कोणत्या खिंडीवर पहारा ठेवावा हे न उमगून गव्हर्नरने आपली फौज लांबच लांब पांगवली.

जानेवारी १८१७. दक्षिण गोलार्धात हा ऐन उन्हाळा. खिंडी मोकळ्या असण्याचे हेच दिवस. पाच हजारांवर माणसे सहा वाटांनी निघाली. चार लहान तुकड्या शत्रूला चकवण्यासाठी उत्तरेकडे व दक्षिणेकडे गेल्या. लास एरासबरोबर तोफखाना उस्पायाताच्या सोप्या वाटेने गेला आणि मुख्य सैन्य लोस पातोसच्या अवघड वाटेने. दिवसा ऊन भाजून काढी, रात्री थंडीने हाडे गोठत. नऊ हजारांहून अधिक खेचरे आणि १,६०० घोडे निघाले होते. पलीकडे पोहोचली सुमारे ४,३०० खेचरे आणि पाचशेच्या आसपास घोडे. जनावरे मुबलक घेतली नसती, तर त्या वाटेवर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही मुख्य फौजा योजल्याप्रमाणे आकोंकाग्वाच्या खोऱ्यात उतरल्या, आणि १२ फेब्रुवारी १८१७ रोजी चाकाबुको येथे पांगलेल्या शत्रूचा पराभव झाला.

सान्तियागोच्या नागरिकांनी देऊ केलेली सत्ता त्याने नाकारली. ती ओ'हिगिन्सकडे गेली. नगरपालिकेने दिलेले १०,००० पेसो त्याने ग्रंथालयासाठी देऊन टाकले. पुढे १८१८ मध्ये माइपूची लढाई झाली, १८२० मध्ये समुद्रमार्गे पेरूची मोहीम निघाली आणि २८ जुलै १८२१ रोजी लिमात स्वातंत्र्याची घोषणा झाली. जुलै १८२२ मध्ये ग्वायाकिल येथे त्याची सिमोन बोलिव्हारशी भेट झाली. पेरूचे उरलेले युद्ध बोलिव्हारच्या हाती सोपवून त्याच सप्टेंबरात त्याने सत्ता सोडली. १८२३ साली पत्नी वारली. लहान मुलीला घेऊन तो युरोपात गेला आणि १७ ऑगस्ट १८५० रोजी फ्रान्समधील बुलोन येथे त्याने देह ठेवला. १८८० मध्ये त्याच्या अस्थी ब्युनोस आयर्सला आणल्या गेल्या.

शौर्याच्या कथा आपण आवडीने वाचतो, पण त्यांत नालांचा आणि कांद्यांचा हिशेब सहसा नसतो. सान मार्तिनचे मोठेपण नेमके त्या हिशेबात आहे. आपल्या शब्दावर पाच हजार माणसे बर्फाळ डोंगरात शिरणार, याची जबाबदारी त्याने शेवटच्या पादत्राणापर्यंत पाळली. आणि आपले काम कोठे संपते, हेही त्याला तितक्याच नेमकेपणाने कळले.