कागदाची घडी आणि प्रथिनांचा पीळ

बारावीच्या पुस्तकातली प्रथिनांची आकृती सपाट असते; खांदेश्वर असो वा खामगाव, मुले ती पाठ करतात. ही रचना उलगडली ती मात्र कागदाला घड्या घालताना.

लायनस पॉलिंग यांचा जन्म 1901 मध्ये अमेरिकेतील पोर्टलंडचा. औषधांचे दुकान चालवणारे वडील ते नऊ वर्षांचे असताना वारले. ओढाताणीत शिकून त्यांनी 1925 मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पीएच.डी. मिळवली आणि पुढे तिथेच प्राध्यापक झाले. रेणूंची मॉडेल्स हातात घेऊन ते शिकवत.

1948 मध्ये ऑक्सफर्डला असताना सर्दीने त्यांना अंथरुणात पाडले. रहस्यकथा वाचून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी कागदावर अमिनो आम्लांची साखळी काढली. दोन अमिनो आम्लांना जोडणारा बंध ताठ आणि सपाट असतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून घडी घातली ती त्या बंधांच्या मधल्या कार्बन अणूंपाशीच. कागद गोल जिन्यासारखा वळला. मात्र वेढ्याची उंची क्ष-किरण चित्रांतल्या मापाशी जुळेना. पॉलिंग थांबले. पुन्हा तपासून सहकाऱ्यांसह 1951 मध्ये त्यांनी ही रचना प्रसिद्ध केली. तीच अल्फा हेलिक्स: एका वेढ्यात सुमारे 3.6 अमिनो आम्ले. केसांतल्या केराटिनपासून रक्तातल्या हिमोग्लोबिनपर्यंत ती आढळते.

सिकलसेल आजाराचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे पॉलिंग यांच्या गटाने 1949 मध्ये दाखवले होते. नंदुरबार, गडचिरोलीतील अनेक कुटुंबे आजही या आजाराशी झुंजतात. रेणूत जरासा बदल होतो आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात.

डीएनएच्या बाबतीत मात्र त्यांनी घाई केली. 1953 च्या सुरुवातीला त्यांनी तीन पदरांची रचना मांडली. ती रसायनशास्त्राच्या साध्या नियमांतच बसत नव्हती. त्याच वर्षी वॉटसन आणि क्रिक यांनी पुठ्ठ्याचे तुकडे आणि धातूच्या पट्ट्या जुळवून दोन पदरांची रचना मांडली. तिला रोझलिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांचा आधार होता.

रसायनशास्त्राचे (1954) आणि शांततेचे (1962) अशी दोन नोबेल मिळवलेले पॉलिंग 1994 मध्ये वारले. मॉडेल हाताने करावे आणि मोजमापाने तपासावे, हा धडा त्यांच्या यशातून मिळतो, तसाच चुकीतूनही. त्याची सुरुवात वहीच्या एका कागदापासून करता येते.