वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

सोलापूर नगरीस हुतात्मा हा शब्द परका नाहीं. दिनांक १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत फांशीं गेलेल्या चार सुपुत्रांची स्मृति ही नगरी आजही जपते. श्रीसभेंत धर्मासाठीं प्राण देणाऱ्यास रक्तसाक्षी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साक्षीदार असाच आहे. धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं अशा एका साक्षीदाराचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रारंभींच्या रक्तसाक्षींपैकीं थोड्यांचाच मृत्यु पवित्र शास्त्रांत वर्णिलेला आहे. संत स्तेफन यांस धोंडमार झाली व जब्दीपुत्र याकोब यांस हेरोदानें तरवारीनें मारविलें, हें प्रेषितांच्या कृत्यांत आढळतें. संत पेत्र रोममध्यें उलट्या क्रुसावर मेले आणि आपल्या भारतभूमींत संत थोमा यांस मैलापूर येथें भाल्यानें मरण आलें, हें परंपरा सांगते. क्रूस आणि भाला हीं दोन्ही ज्यांच्या वांट्यास आलीं, असे एक रक्तसाक्षी आपल्याच महाराष्ट्रांत जन्मले. आणि त्यांच्या मरणाची हकीकत येशूसंघाचे फादर लुईस फ्रोइश यांनीं त्याच वर्षीं लिहून ठेविली.

गोन्सालो यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईचीच. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं शिकून, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते त्यांच्याबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं चांगली आत्मसात केली व आठ वर्षें धर्मशिक्षकाचें काम निष्ठेनें केलें. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. परंतु ती पुरी झाली नाहीं. मग ते व्यापारांत पडले. व्यापार भरभराटला, पण सेवाव्रताची ओढ सुटेना. अखेर मनिला येथें फ्रान्सिसकन संघांत ते बंधु म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरु नव्हते. पवित्र मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. परंतु जपानी भाषेचें ज्ञान त्यांच्यापाशीं होतें आणि तेंच देवानें कामास लाविलें.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांनीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस वकील नेमून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे पाठविलें. बंधु गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. फादरांचें म्हणणें दरबारांत पोहोंचे तें याच वसईकराच्या मुखानें. राहण्याची परवानगी मिळाली, आणि क्योटो येथें मंदिर व रोग्यांसाठीं रुग्णालय उभें राहिलें.

१५९६ सालीं सान फेलिपे हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें. धर्मोपदेशकांमागून स्पेनचें सैन्य येणार, असा संशय हिदेयोशीच्या मनांत भरला व त्यानें धरपकडीचा हुकूम सोडला. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योटो येथें बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यांत आली. पुढें कडाक्याच्या थंडींत सुमारें एक महिना त्यांस नागासाकीकडे चालविलें. निघतांना ते २४ होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोघे त्यांतच धरले गेले.

या २६ जणांत २० जपानी होते. सर्वांत लहान बालक अवघा १२ वर्षांचा. तिघे येशूसंघाचे होते. ज्या संघानें गोन्सालो यांस आपल्यांत घेतलें नव्हतें, त्याच संघाचे बंधु आतां त्यांच्या रांगेंत क्रुसावर चढणार होते.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर त्यांस दोरांनीं व लोखंडी कड्यांनीं क्रुसांस जखडिलें. क्रूस उभे झाल्यावर दोन्ही बाजूंनीं भाले खुपसून एकेकाचा प्राण घेण्यांत आला. गोन्सालो तेव्हां चाळिशीचे होते.

१६२७ सालीं पोप आठवे उर्बन यांनीं त्यांस धन्य व ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेले ते पहिले संत होत.

आमच्या सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु व उर्दू या भाषा एकाच पेठेंत ऐकूं येतात. येथें मुलांस प्रार्थना शिकविणारे, आजाऱ्यापाशीं बसून त्याच्या भाषेंत धीर देणारे साधे प्रापंचिक जन संत गोन्सालो यांचेच सोबती होत. दरबारीं ते दुसऱ्याचे शब्द बोलले. क्रुसावर मात्र त्यांची साक्ष सर्वस्वी स्वतःची होती. त्यांची मध्यस्थी आमच्या धर्मग्रामास निरंतर लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.