वूडी हर्मनचा न मिटलेला हिशेब

पन्नाशी उलटलेला कलावंत तरुणांच्या संगीताकडे वळला की, तो बाजारापुढे वाकला असा संशय घेण्याची रीत आहे. अमेरिकन जॅझ वाद्यवृंदाचा प्रमुख वूडी हर्मन याच्या बाबतीत या संशयाला वरकरणी सबळ आधारही होता. तो कर्जात बुडालेला होता.

१९१३ साली मिल्वॉकी येथे जन्मलेला हा क्लॅरिनेटवादक १९३६ साली प्रमुख झाला तो सहकारी तत्त्वावर. आयशम जोन्सने आपला संच मोडताच त्यातील काही वादकांनी नवा संच उभारला व पुढारीपण हर्मनला दिले. दहा वर्षांत तो संच कीर्तीच्या शिखरावर पोहोचला. १९४६ साली स्ट्राविन्स्कीने खास त्याच्यासाठी रचलेली ‘एबनी कॉन्चेर्टो’ कार्नेगी हॉलमध्ये सादर झाली.

साठीच्या दशकात मात्र निराळाच प्रकार उघडकीस आला. वादकांच्या पगारातून कापलेला प्राप्तिकर व्यवस्थापकाने सरकारात भरलाच नव्हता. तो पैसा जुगारात गेला होता. कायद्याने जबाबदारी मालकाची. व्याज व दंड धरून येणे सोळा लाख डॉलरच्या घरात गेले आणि हर्मनची मिळकत वर्षानुवर्षे करखात्याकडे वळू लागली.

याच काळात त्याने ‘द डोअर्स’ या रॉक संचाचे गाणे आपल्या तुताऱ्या-सॅक्सोफोनांना दिले, विजेवर चालणारा पियानो आणला, फंकचा ठेका स्वीकारला. ही केवळ पोटाची सोय होती काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९४७ च्या संचात विशीतल्या स्टॅन गेट्झला त्याने असाच वाव दिला होता. पुढे न्यूझीलंडहून आलेल्या अ‍ॅलन ब्रॉडबेंट या तरुणावर त्याने वाद्यरचनांचा भार टाकला. तरुणांच्या हाती सूत्रे देणे ही त्याची जुनीच सवय होती. कर्जाने फार तर तिला निवृत्तीची मुभा ठेवली नाही. १९७३ व १९७४ च्या ध्वनिमुद्रणांना ग्रॅमी पारितोषिके लाभली, ती या नव्या वळणाच्या संचालाच.

१९७७ च्या मोटार अपघातात पाय जायबंदी होऊनही दौरे थांबले नाहीत. हम्फ्री बोगार्टकडून घेतलेले हॉलिवूडमधील घर करखात्याने १९८५ साली लिलावात विकले. त्याच घरात तो भाडेकरू म्हणून राहिला. भाडे थकले, घर सोडण्याची नोटीस आली, तेव्हा जुन्या साथीदारांनी मदतीसाठी निधी उभारला. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी तो वारला. संच फ्रँक टिबेरीच्या हाती वाजतच राहिला.