आमदार एकच, राज्यं तीन! गहुली तांड्याच्या वसंतराव नाईकांनी पुसदला काय दिलं?

पुसद : 1 जुलै आला की गावोगावी कृषी दिन होतो. फोटोला हार, दोन भाषणं, एखादं झाड लावायचं आणि कार्यक्रम संपला. फोटोतला माणूस कोण, हे नव्या पोरांना विचारलं तर अकरा वर्षं मुख्यमंत्री होते एवढंच सांगतात. पण हा माणूस मुंबईत बसला तो पुसदच्या मतदारांनी निवडून दिला म्हणून. त्यामुळं वसंतराव नाईकांची गोष्ट ही पुसद मतदारसंघाचीही गोष्ट आहे.

तांड्यावरचं पोर

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म 1 जुलै 1913 चा. गाव गहुली, तालुका पुसद. बंजारा समाजाचा तांडा. आजोबा चतुरसिंग यांनी तांडा इथं स्थिर केला आणि शेती धरली. त्या काळात तांड्यावर शाळा कुठली? चौथीपर्यंत शिकायचं तर या गावातून त्या गावात जावं लागायचं. वसंतराव तसेच शिकले. पुढं अमरावती, मग नागपूर. पदवी घेतली, वकिलीची परीक्षा पास केली.

1941 साली त्यांनी नागपूरच्या घाटे घराण्यातल्या वत्सलाताईंशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. आज 2 घरांत आंतरजातीय लग्न ठरलं तरी गावभर चर्चा होते, तेव्हा काय झालं असेल त्याचा अंदाज करा. पण दोघं मागं हटले नाहीत.

वकिली पुसदला केली. कोर्टात येणारा पक्षकार बहुतेक शेतकरी. सावकाराचं कर्ज, बांधाचं भांडण, वावराचा कागद. माणूस काय अडचणीत आहे ते तिथं कळत गेलं. 1946 मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. राजकारणाची सुरुवात तिथून झाली.

तीन निवडणुका, तीन राज्यं

1952 ला देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा पुसद महाराष्ट्रात नव्हतं. महाराष्ट्र राज्यच नव्हतं! विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. वसंतराव काँग्रेसकडून पुसदमधून निवडून आले, मध्य प्रदेश विधानसभेत गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले.

1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. 1957 ची निवडणूक काँग्रेसला जड गेली. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट होती, काँग्रेसचे मोठमोठे पडले. विदर्भानं मात्र काँग्रेसला हात दिला. पुसदनं वसंतरावांना पुन्हा पाठवलं. या वेळी ते मुंबईच्या विधानसभेत गेले. सहकार आणि नंतर कृषी खातं त्यांच्याकडं आलं.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला आणि 1962 ला तिसरी निवडणूक. पुसदचा आमदार तोच, राज्य मात्र तिसरं. नंतर 1967 आणि 1972 लाही तेच निवडून आले.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुसद मतदारसंघात बंजारा मतं भरपूर आहेत, पण मराठा, कुणबी, आंध आदिवासी, दलित, मुस्लिम असा सगळा समाज इथं राहतो. एका समाजाच्या जोरावर ही जागा निघत नाही. तांड्यावरच्या माणसाला गावगाड्यानं पाच वेळा मतं दिली, ही पुसदच्या मतदारांची त्या काळातली मोठी गोष्ट.

जिल्हा परिषद कुणाच्या डोक्यातून आली?

आज आपण जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुका लढतो. त्याची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. 1960 मध्ये समिती नेमली, 1961 मध्ये अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमदार, खासदारांना जिल्हा परिषदेचं सदस्य करू नये, असं या समितीनं सुचवलं. स्वतः आमदार आणि मंत्री असलेल्या माणसानं हे सुचवलं, हे विशेष. गावातल्या नव्या माणसाला पुढं यायला वाट मोकळी राहावी, हा त्यातला फायदा.

मुख्यमंत्री आणि दोन वर्षांची मुदत

नोव्हेंबर 1963 मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं पदावर असतानाच निधन झालं. तेही विदर्भाचेच. 5 डिसेंबर 1963 ला वसंतरावांनी शपथ घेतली आणि 20 फेब्रुवारी 1975 पर्यंत ते पदावर राहिले. महाराष्ट्रात सलग एवढा काळ मुख्यमंत्री अजून कुणी राहिलं नाही.

पण खुर्ची सुखाची नव्हती. देशात धान्य नव्हतं. अमेरिकेचा गहू आणि लाल मिलो यायचा, रेशनला रांगा लागायच्या. 1965 मध्ये वसंतरावांनी पुण्यात जाहीर सभेत दोन वर्षांची मुदत स्वतःवर घेतली. तेवढ्यात राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फासावर द्या, अशा अर्थाचं ते बोलले. नंतर हायब्रीड ज्वारी गावागावात गेली. खत, विहिरी, बंधारे, पाझर तलाव यांच्यावर जोर दिला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठं त्यांच्याच काळात उभी राहिली. हायब्रीडची भाकर गोड लागत नाही, कडबा जनावरं खात नाहीत, अशी कुरकुर तेव्हाही होती. पण पोतं भरत होतं.

उत्पादन वाढलं, तरी शब्द पूर्णपणे खरा ठरला असं म्हणता येत नाही. 1972 चा दुष्काळ पडला आणि कोरडवाहू शेतीचं सगळं उघडं पडलं. तेव्हा सरकारनं गावागावात कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, तलाव. 1973 च्या उन्हाळ्यात कामावरच्या मजुरांचा आकडा 50 लाखांच्या जवळ गेला होता. ज्यांनी तेव्हा सुकडी खाल्ली ती म्हातारी माणसं अजून सांगतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशानं तसाच कायदा केला. आज मोबाईलवर हजेरी लागते, त्या कामाचं मूळ इथं आहे.

कापसाचंही तसंच. व्यापाऱ्याच्या हातून पऱ्हाटीवाला सुटावा म्हणून एकाधिकार कापूस खरेदी योजना त्यांच्याच सरकारनं आणली. पुढं ती बंद पडली. आज भावासाठी ताटकळणाऱ्या यवतमाळच्या शेतकऱ्याला तिची आठवण येते ती उगाच नाही.

शेवट आणि नंतरचं पुसद

1975 मध्ये दिल्लीनं बदल केला आणि शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. वसंतरावांनी पक्ष सोडला नाही, थयथयाट केला नाही. 1977 ला देशात काँग्रेसविरोधी वारं असताना ते वाशीममधून लोकसभेवर निवडून आले. 18 ऑगस्ट 1979 ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.

पुसदची जागा घरातच राहिली. पुतणे सुधाकरराव आमदार झाले, 1991 मध्ये मुख्यमंत्रीही झाले. एका मतदारसंघाला दोन मुख्यमंत्री मिळाले. नंतर सुधाकररावांचे भाऊ मनोहरराव, मग मनोहररावांचे चिरंजीव इंद्रनील. 2019 ला तर घड्याळाकडून इंद्रनील नाईक आणि कमळाकडून त्यांचेच चुलतभाऊ निलय नाईक असा सामना झाला. निवडून कुणीही आलं असतं तरी आडनाव नाईकच राहणार होतं. 2024 लाही इंद्रनीलच निवडून आले आणि राज्यमंत्री झाले.

याला कुणी पुण्याई म्हणतं, कुणी घराणेशाही म्हणतं. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे. पण वसंतराव स्वतः कुणाचा वारसा घेऊन आले नव्हते. ते नगरपालिकेतून आले, आणि नव्या माणसाला चढायला जिल्हा परिषदेची शिडी त्यांनीच उभी केली. त्या शिडीनं किती जण जिल्हा परिषदेत गेले, पुसदच्या आमदारकीपर्यंत मात्र अजून बाहेरचा कुणी सहज पोचत नाही.

पुढच्या निवडणुकीत आडनाव कोणतंही असो, मत मागायला येणाऱ्याला एवढं विचारता येईल, की पाणी, कापसाचा भाव आणि पोरांच्या हाताला काम यासाठी तुमची मुदत किती? वसंतरावांनी स्वतःला दोन वर्षं दिली होती.