सर्पगंधेला कसोटीवर घासणारे डॉ. रुस्तम वकील

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूरसारख्या तालुक्याच्या गावीही आज रक्तदाबाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात. १९४५ साली मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांनाही तशी खात्रीची गोळी मिळू शकली नाही. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत राहिला आणि त्या वर्षीच्या १२ एप्रिलला मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. मिठाचे पथ्य, विश्रांती आणि गुंगीची औषधे, यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

त्याच काळात मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीची पारख करीत होते. १९११ मध्ये मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेले वकील लंडनला वैद्यकशास्त्र शिकून मायदेशी परतले आणि हृदयरोगांकडे वळले.

सर्पगंधा ही काही त्यांनी शोधलेली वनस्पती नव्हे. वैद्य आणि हकीम ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. १९३१ मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिचा गुणही नोंदविला होता. परंतु परंपरेची ग्वाही आणि पुरावा यांत अंतर असते. आपल्याकडे अनेकदा विसरले जाणारे हे अंतर वकिलांनी नेमके ओळखले. त्यांनी ५० रुग्णांना ही मुळी देऊन रक्तदाबाच्या काटेकोर नोंदी ठेवल्या. बहुतेकांचा दाब उतरल्याचे दाखविणारा त्यांचा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीही सर्पगंधा वापरून पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले.

या कामाचे मोल कळण्यासाठी धमनीत डोकावावे लागते. सततच्या चढ्या दाबाने तिचे आतले नाजूक अस्तर दुखावते. त्या जागी रक्तातील कोलेस्टेरॉल शिरते, पुटे चढतात आणि मार्ग अरुंद होतो. पुट फुटून गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात ओढवतो. तोवर रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. रेसर्पिनचा दिग्विजय मात्र टिकला नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी असलेला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा ते रिकामा करी. त्यामुळे दाब उतरे, पण नाक चोंदणे आणि मनाला उदासी ग्रासणे अशा तक्रारीही पुढे आल्या. पुढे नवी औषधे आली आणि रेसर्पिन मागे पडले.

डॉ. वकील यांचे निधन १९७४ मध्ये झाले. धमन्यांच्या दुसऱ्या शत्रूवर, म्हणजे कोलेस्टेरॉलवर, स्टॅटिन वर्गातील पहिले औषध अमेरिकेत वापरात येण्यास त्यानंतर आणखी १३ वर्षे जावी लागली.