आनंदीबाईंना न मिळालेलं औषध

कामोठ्यात एमजीएम मेडिकल कॉलेजच्या गेटमधून पांढरे कोट घातलेल्या मुली रोज ये-जा करतात. कुणी वळूनही बघत नाही. पण एकेकाळी इथून जवळच्याच कल्याणच्या मुलीला डॉक्टर होण्यासाठी थेट अमेरिका गाठावी लागली होती.

यमुनाचा जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी टपाल खात्यातल्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. बदली होईल तिथे बिऱ्हाड: अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता. सोबत गोपाळरावांच्या हट्टाने शिक्षणही. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ उपचारांअभावी दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं, हे तिथूनच पक्कं झालं.

१८८३ मध्ये आनंदीबाई गोपाळरावांशिवाय बोटीत बसल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत तब्येत ढासळत गेली, तरी मार्च १८८६ मध्ये त्या एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात नेमणूकही ठरली. पण परतल्या त्या आजारीच. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात क्षयाने त्यांचा जीव घेतला. वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती.

त्या अमेरिकेला निघण्याच्या वर्षभर आधीच, २४ मार्च १८८२ला, रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला होता. शत्रू सापडला होता, औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडलं.

आज सरकारी केंद्रात टीबीची औषधं फुकट मिळतात. घोळ होतो तो पुढे. साधा टीबी असला तरी कोर्स किमान सहा महिन्यांचा. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, पेशंटला वाटतं झालो बरा! गोळ्या सुटतात आणि उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. म्हणूनच ‘डॉट्स’ आलं: आरोग्यसेविका किंवा ठरवून दिलेली व्यक्ती पेशंटला समोर गोळ्या घ्यायला लावते. भारतात १९९७ मध्ये हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, २००६ पर्यंत देशभर पोहोचला.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन यातलं काहीही असेल, तर लाजू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, पैसे लागत नाहीत. आणि रूममेटचा कोर्स चालू असेल, तर त्याला टाळू नका. आज गोळी घेतलीस का, एवढं रोज विचारा. आनंदीबाईंच्या वेळी विचारण्यासारखी गोळीच नव्हती.